आयोवाची चढाई

२०२२ च्या सप्टेंबरातली गोष्ट. शनिवार होता आणि घरी गौरी आल्या होत्या. बाहेरच्या खोलीत हिची आणि वहिनींची गौरीला पदर नीट बसवायची खटपट चालली होती, आणि मी आत पलंगावर मोबाइल चार्जिंगला लावून अमेरिकेतल्या एका कॉलेजची फुटबॉलची मॅच बघत होतो. आपला फुटबॉल नव्हे, त्यांचा, तो हेल्मेटवाला. धाकटी महिनाभरापूर्वीच आयोवा सिटीला एम.एस.साठी गेली होती आणि त्या दिवशी मैत्रिणींबरोबर किनिक स्टेडियममध्ये बसली होती. जवळजवळ सत्तर हजारांच्या गर्दीत ती काय दिसणार? पण कॅमेरा प्रेक्षकांवर गेला की मी मोबाइल डोळ्यांजवळ न्यायचो.

मॅच संपल्यावर तिचा फोन आला.

"बाबा, जिंकलो! सात-तीन!"

"म्हणजे एक टचडाऊन," मी म्हणालो. तेवढं मला एव्हाना कळलं होतं. चेंडू घेऊन समोरच्याच्या शेवटच्या पट्ट्यात घुसलं की टचडाऊन, त्याचे सहा, वरच्या किकचा एक.

"नाही ना. टचडाऊन एकही नाही."

"मग सात कुठून आले?"

हे नीट समजायला मला दोन दिवस लागले. तीन गुण एका फील्ड गोलचे, म्हणजे लाथेने चेंडू खांबांमधून मारल्याचे. उरलेले चार बचावफळीने मिळवले. समोरच्याला त्याच्याच हद्दीत, अगदी शेवटच्या पट्ट्यात गाठून आडवा पाडला की त्याला सेफ्टी म्हणतात आणि त्याचे दोन गुण मिळतात. आयोवाने असं दोनदा केलं. समोरचा संघ खालच्या गटातला, साउथ डकोटा स्टेटचा. म्हणजे आमच्या भाषेत, मॅच पकडीवर काढली आणि चढाईचा भोपळा.

आता "आमची भाषा" म्हणजे काय ते सांगतो. मी कळव्याजवळच्या खारीगावचा. आमच्याकडे पोरगं चालायला लागलं की कबड्डीच्या मैदानावर जातं. मी मंडळाकडून डावा कोपरा खेळायचो, मातीवर. ठाणे-बेलापूर रोडवरच्या एका कंपनीत स्टोअर्सला नोकरी केली, आणि संध्याकाळी ठाण्यातल्या एका कॉलेजच्या संघाला चार वर्षं शिकवलं. त्यातही माझ्याकडे फक्त चढाईवाले गडी असायचे. बाकी संघ मोठ्या सरांचा. तेव्हा ऑफेन्सिव्ह कोऑर्डिनेटर, म्हणजे फक्त आक्रमणाचा कोच, हे काय प्रकरण असतं ते मला धाकटीने समजवायची गरज पडली नाही. ते काम मी केलंय, महिना दीड हजार रुपयांवर.

तर या आयोवाच्या संघात मुख्य कोच कर्क फेरेन्ट्झ, १९९९ पासून. आणि आक्रमणाचा कोच, २०१७ पासून, ब्रायन फेरेन्ट्झ. त्यांचा मुलगा.

नाक्यावर सकाळच्या चहाला हे सांगितलं तेव्हा आमच्यातला एक जण म्हणाला, "म्हणजे आपल्या मंडळासारखंच की!" सगळे हसले. त्या टपरीवर फुटबॉलमधलं ओ की ठो कुणाला कळत नाही, पण बाप अध्यक्ष आणि पोरगा कोच म्हटल्यावर कुणाला काही समजवावं लागलं नाही. मी सांगितलं की तिथे नियम कडक आहेत, पोरगा कागदोपत्री बापाच्या हाताखाली नसून थेट ॲथलेटिक डायरेक्टरच्या, म्हणजे विद्यापीठाच्या क्रीडा विभागाच्या प्रमुखाच्या हाताखाली आहे. त्यावर तर आणखीनच हसले. "कागदोपत्री!"

पण पोरगा अगदीच बिनकामाचा होता असं नाही. स्वतः आयोवाकडून खेळलेला. त्याच्या पहिल्याच वर्षी, २०१७ ला, आयोवाने ओहायो स्टेटला ५५-२४ असं धुतलं होतं. ओहायो स्टेट म्हणजे साधासुधा संघ नव्हे. मी ती मॅच नंतर यूट्यूबवर पाहिली. पंचावन्न! तोच माणूस, आणि पाच वर्षांनी सात गुण, तेही दुसऱ्यांनी कमावलेले.

२०२२ चा मोसम संपला तेव्हा देशातल्या एकशे एकतीस मोठ्या संघांत आयोवाचं आक्रमण शेवटून दुसरं होतं. आणि तरी संघ जिंकत होता, हीच तर गंमत. त्यांचा बचाव असा की समोरच्याला श्वास घेऊ देत नाही. आणि तिसरी गोष्ट म्हणजे पंट. या खेळात दहा यार्ड पुढे जायला चार संधी मिळतात. तीन वाया गेल्या की चौथीला बहुतेक संघ चेंडू लांब लाथाडून समोरच्याला देऊन टाकतात, म्हणजे त्याला निदान मागून तरी सुरुवात करावी लागते. आयोवाचा पंट मारणारा टोरी टेलर हा ऑस्ट्रेलियन पोरगा. तो चेंडू असा नेमका टाकायचा की समोरचे आपल्याच कोपऱ्यात अडकून बसायचे. "पंटिंग इज विनिंग" असं छापलेला टी-शर्ट तिकडे विकायला होता. धाकटीने मला एक पाठवला. मी तो घालून पारसिकच्या डोंगराकडे फिरायला जायचो. अर्थ कुणी विचारला नाही.

निष्फळ चढाया करून वेळ काढायचा आणि अव्वल पकडीची वाट बघायची, हा कबड्डीतला जुना डाव आहे. आपल्याकडे तिसऱ्या चढाईचा नियम आला, की दोन रिकाम्या गेल्या तर तिसरीला गुण आणा नाहीतर बाहेर बसा, तेव्हा या डावाचे दात पडले. त्यांच्याकडे तसा नियम नाही. पंट मारत कितीही वेळ काढा, कोण अडवतंय!

आणि हा डाव पोराचा नव्हता, बापाचा होता. चूक करू नका, चेंडू सांभाळा, बचाव बघून घेईल. हे मला फार लवकर दिसलं, कारण आमच्या मोठ्या सरांचंही तेच होतं. ते मला सांगायचे, "तुझ्या पोरांना फक्त सुखरूप घरी यायला शिकव, मॅच मी पकडीवर काढतो." पोरगा गुण घेऊन आला तर शाबासकी नाही, पण पकडला गेला तर मैदानाला पाच फेऱ्या. मग पोरं चढाईत ओलांडावीच लागते ती ‘निदान रेषा’ तेवढी ओलांडायची, बोनस रेषेकडे लांबून बघायची आणि परत यायची. मोठे सर खूश.

२०२३ च्या फेब्रुवारीत आयोवाने जे केलं ते मात्र मी कुठल्याच खेळात पाहिलं नव्हतं. ब्रायनचा करार बदलला. पगार नऊ लाख डॉलरवरून साडेआठ लाख केला आणि अट घातली की संघाने मॅचमागे सरासरी पंचवीस गुण करायचे आणि सात मॅचेस जिंकायच्या, नाहीतर करार संपला. त्या पंचविसांत बचावफळीने केलेले गुणसुद्धा धरायचे होते! म्हणजे पोराला पास करायला ग्रेस मार्कांची सोय आधीच करून ठेवलेली.

माझं तेव्हाच मत झालं की हे चुकीचं आहे. काढायचा तर काढा, ठेवायचा तर ठेवा. माणसाच्या गळ्यात धावफलक बांधून त्याला मैदानात कशाला सोडता? पहिली मॅच आयोवाने २४-१४ जिंकली आणि तिकडे जिंकल्याच्या आनंदाऐवजी चर्चा कसली, तर एक गुण कमी पडला. प्रेक्षक हिशेब करायला लागले. तेरा मॅचेस, पंचवीस गुणिले तेरा, तीनशे पंचवीस. धाकटीच्या लॅबमधल्या फळ्यावर पोरांनी तक्ताच लावला होता. संघ जिंकतोय आणि लोक वजाबाकी करतायत.

चौथ्या मॅचला पेन स्टेटने ३१-० असं लोळवलं. पुढच्या शनिवारी क्वार्टरबॅक, म्हणजे आक्रमणात चेंडू फेकणारा मुख्य गडी, केड मॅकनमारा गुडघा धरून बाहेर गेला तो त्या मोसमात परत आलाच नाही. माझ्या लेखी हिशेब तिथेच बंद करायला हवा होता. मुख्य चढाईपटू जायबंदी झाल्यावर कोचला गुणांचा जाब कोण विचारतं? पण करारात असं काही लिहिलेलं नव्हतं.

मग आली मिनेसोटाची मॅच. २१ ऑक्टोबर २०२३, आपल्याकडे उजाडता रविवार, नवरात्रातली अष्टमी. आम्ही टेंभी नाक्याच्या देवीचं दर्शन घेऊन उशिरा घरी आलो होतो. ही झोपली, मी टीव्हीचा आवाज बंद करून बसलो. आयोवाकडे १० गुण, मिनेसोटाकडे १२. दोन मिनिटंही उरली नव्हती. मिनेसोटाने पंट मारला, चेंडू टप्पे खात बाजूच्या रेषेकडे गेला. कूपर डीजीनने तो उचलला आणि चौघापाचांना चुकवत चोपन्न यार्ड पळत थेट टचडाऊन! मी पलंगावरून उठून उभा राहिलो. हिला जाग आली.

"काय झालं?"

"जिंकलो."

ती कूस बदलून झोपली आणि पंचांनी व्हिडिओ मागवला. चेंडू उचलायच्या आधी डीजीनने डावा हात हलवला होता. त्याच्या मते तो साथीदारांना लांब राहा म्हणून सांगत होता किंवा तोल सांभाळत होता. पंचांच्या मते ती थांबण्याची चुकीची खूण होती, आणि अशी खूण केली की चेंडू घेऊन पळता येत नाही. टचडाऊन रद्द. मॅच गेली. कबड्डीत पंचाशी हुज्जत घालणाऱ्यांना मी आयुष्यभर गप्प केलंय, पण त्या रात्री मीच टीव्हीला शिव्या घातल्या. आवाज न करता.

सोमवारी तिकडे सगळे पंचाच्या नावाने बोटं मोडत होते. धाकटीही तापली होती. मी तिला म्हटलं, "एक आकडा बघ. दुसऱ्या अर्ध्यात आयोवा एकूण पुढे किती गेली? बारा यार्ड." अर्ध्या मॅचमध्ये बारा यार्ड, म्हणजे घरातल्या घरात बारा पावलं. मी या खोलीतून गॅलरीत कपडे वाळत घालायला जातो तेवढी. हात हलला नसता तर जिंकलो असतो, ठीक आहे, पण तुम्ही मॅच त्या हातावर आणून ठेवलीच का?

नऊ दिवसांनी, ३० ऑक्टोबरला, ब्रायनला काढल्याचं जाहीर झालं. मोसम संपेपर्यंत काम करायचं, मग निरोप. निर्णय बेथ गेट्झ या प्रभारी ॲथलेटिक डायरेक्टर बाईंचा. संघ तेव्हा आठपैकी सहा मॅचेस जिंकलेला. बापाला हे मधेच जाहीर करणं पटलं नव्हतं आणि त्यांनी ते लपवलंही नाही.

मला राग आला, आणि मी नाक्यावर, घरी, फोनवर, जो भेटेल त्याला सांगत सुटलो की हे पोराला बळीचा बकरा केलं. डाव बापाचा, मार पोराला. टाकीत पाणी नाही आणि हे नळ बदलतायत. नवीन आणा, कुणीही आणा, बाप तोच आहे तर काही फरक पडणार नाही, लिहून घ्या.

हिने एकदा शांतपणे विचारलं, "तुम्ही त्याच्याबद्दल बोलताय की स्वतःबद्दल?"

तर तेही सांगून टाकतो. २००९ ला आमचा कॉलेजचा संघ विद्यापीठाच्या आंतरमहाविद्यालयीन स्पर्धेत उपांत्य फेरीत १४-१६ असा हरला. दोन गुणांनी. नंतर स्टाफरूममध्ये मीटिंग झाली, बटाटेवडे आले, चहा आला. क्रीडा समितीतले एक प्राध्यापक म्हणाले की चौदा गुण म्हणजे फारच कमी, चढाईकडे नवीन माणूस बघू या. मोठे सर खिडकीतून बाहेर बघत होते. ज्यांनी मला चार वर्षं "सुखरूप घरी" शिकवलं ते एक शब्द बोलले नाहीत. मला शाल, श्रीफळ आणि पाकिटात दोन हजार रुपये मिळाले. ते पाकीट मी कळव्याला येईपर्यंत उघडलं नाही, आणि नारळ नासका निघाला. खोटं वाटेल, पण खरंच नासका निघाला.

पुढच्या वर्षी तीच पोरं अंतिम फेरीत गेली. मी म्हणायचो, ड्रॉ सोपा पडला.

आयोवाचं पुढे काय झालं? मॅचेस जिंकत राहिले. नॉर्थवेस्टर्नला १०-७, इलिनॉयला १५-१३, नेब्रास्काला १३-१०. सगळी पकडीची कबड्डी. दहा विजय झाले. मग मिशिगनकडून बिग टेन या त्यांच्या गटाच्या अंतिम सामन्यात २६-० आणि १ जानेवारीला टेनेसीकडून ३५-० असा मार खाल्ला. धाकटीच्या फळ्यावरची अखेरची बेरीज चौदा मॅचेसमध्ये दोनशे सोळा. सरासरी १५.४. त्याच वर्षी देशातल्या सर्वोत्तम सहायक कोचचा ब्रॉयल्स पुरस्कार मिळाला आयोवाच्याच माणसाला, बचाव सांभाळणाऱ्या फिल पार्करला. टोरी टेलरने एका मोसमात ४,४७९ यार्ड पंट मारून राष्ट्रीय विक्रम केला. जो संघ पुढे जातच नाही त्याच्या पंटरला विक्रमाची संधी मिळणारच म्हणा.

२०२४ च्या जानेवारीत ब्रायनच्या जागी टिम लेस्टर आले. धाकटी मे महिन्यात पास होऊन दुसऱ्या गावी नोकरीला लागली. तिचा रस कमी झाला, माझा नाही. मी वाट बघत होतो, माझं खरं कधी होतंय त्याची.

त्या वर्षी दसरा १२ ऑक्टोबरला आला. शनिवार. नातेवाइकांकडे सोनं वाटून आम्ही परत आलो, मी खिशातली आपट्याची पानं टीव्हीच्या टेबलावर ठेवली आणि मॅच लावली. आयोवा विरुद्ध वॉशिंग्टन. ४०-१६.

चाळीस!

केलेब जॉन्सन नावाचा रनिंग बॅक, चेंडू पोटाशी धरून पळणारा गडी. तो काही नवा आणलेला नव्हता. ब्रायनच्याच हाताखाली दोन मोसम खेळला होता. २०२३ ला त्याची अख्ख्या मोसमाची धाव पाचशे यार्डसुद्धा भरली नव्हती. दुखापत होती हे खरं, पण बरा झाल्यावरही काही चमकला नव्हता. आणि २०२४ ला? १,५३७ यार्ड, पळून केलेले एकवीस टचडाऊन. मी नीट बघितलं, की हा लेस्टर करतो काय. फार काही नाही. चेंडू सुटायच्या आधी एकदोन गडी इकडून तिकडे हलवायचा. समोरचे बचाववाले त्यांच्याकडे बघत सरकले की जॉन्सनला फट मिळायची. त्याला जिथून पळायला आवडतं तिथून पळू द्यायचा, बस्स. बाप तोच, बचाव तोच, हवेतून चेंडू फेकायची बोंब तीच. तरीही चाळीस.

माझं टाकीचं आणि नळाचं तत्त्वज्ञान टेबलावर आपट्याच्या पानांशेजारी वाळत पडलं. निदान थोडा तरी फरक नळाचा होता तर.

त्यानंतर आठवड्याभरात ठाणे स्टेशनच्या पुलावर मला माझा एक जुना चढाईपटू भेटला. त्या चौदा-सोळावाल्या संघातला. रेल्वेत टी.सी. आहे आता, खेळाडूंच्या कोट्यातून लागला. काळा कोट घालून भर गर्दीत वाकला. मी म्हटलं, अरे लोक बघतायत, पण तो ऐकतोय कसला. इकडचं तिकडचं झालं, पोरं किती, आई कशी आहे. आणि मग पंधरा वर्षांत जे विचारलं नव्हतं ते विचारलं.

"मी गेल्यावर त्या नव्या कोचने तुम्हाला काय वेगळं शिकवलं रे?"

"काही नाही सर. तुमचंच सगळं."

"खरं सांग."

त्याने हातातल्या पावतीबुकाची कड नखाने सरळ केली. "त्यांनी मला उजवीकडून घातलं, सर."

"म्हणजे?"

"तुम्ही मला डावीकडून चढाईला पाठवायचात. माझा पाय तिकडून बसत नव्हता. उजवीकडून गेलो की बोनसला बरोबर पडायचा. पहिल्याच मॅचला सहा बोनस घेतले होते."

"मग मला का नाही बोललास?"

"तुम्हाला कोण बोलणार, सर?" तो हसला. मनात काही ठेवून हसला असंही वाटलं नाही. "आणि तुम्ही स्वतः डावा कोपरा ना. तुम्हाला सगळं तिकडूनच दिसायचं."

खाली फलाटावर गाडी लागत होती, पुलावरून लोंढा आला, त्याने कुणाला तरी तिकीट विचारलं आणि मला हात करून गेला. मी धीमी कल्याण पकडली. एकच स्टेशन, दारातच उभा राहिलो. खाडीवरचा वारा येत होता.

कळव्याला उतरलो. गाडी निघून गेली, फलाट जरा मोकळा झाला. आजूबाजूला ओळखीचं कुणी नाही असं बघून मी पिशवी खाली ठेवली आणि पिवळ्या पट्टीला बोनस रेषा समजून एकदा डावीकडून पाय टाकून पाहिला. मग उजवीकडून.